पाटी नाही, गुण नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही. तिथं तर मी हा विषय मुद्दाम टाळतो, जणू मी सांगितल्याशिवाय देवाला कळणारच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कारण काही मर्दाचं नाही, ठाऊक आहे मला.

झालंय असं की आमच्या क्लबची नियमावली नव्यानं छापायची आहे. मूळची मीच लिहिलेली, तेव्हा सुधारायलाही मीच बसलो. सहा नियम सुवाच्य अक्षरात उतरवले. सातव्याशी पेन थांबलं — आणि चार दिवस झाले, थांबलेलंच आहे. त्याच कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला आता हे लिहितोय.

बारामतीत आमचा जुन्या गाड्यांचा क्लब आहे. वीस-बावीस माणसं. दोन डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त इंजिनियर, काही बागायतदार आणि मी. माझं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. लोक अप्पा म्हणतात. माझ्याकडं वडिलांच्या वेळची जीप. सुरुवातीला क्लब म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा जमायचं, भजी खायची आणि आपापल्या गाडीचं कौतुक सांगायचं. गाड्या बिचाऱ्या शेडमध्ये झाकून, सोवळ्यातल्या देवासारख्या. चालवायचं कुणी नावच घेईना. म्हणून मी गुणांची टूम काढली.

नियम सोपे होते. गाडी पंचवीस वर्षांपेक्षा जुनी हवी. चालवायची मालकानंच. शंभर किलोमीटरला एक गुण, मीटरचा फोटो दाखवून. आणि खरी गंमत पाट्यांची — बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या गावाच्या वेशीला जायचं, रस्त्याकडेची गावाच्या नावाची सरकारी पाटी आणि आपली गाडी एका फोटोत घ्यायची. गाडीचा नंबर दिसला पाहिजे, पाटीवरचं नाव वाचता आलं पाहिजे. एक गाव, एक गुण, वर्षातून एकदाच. गावाची कमान चालणार नाही, डेअरीचा बोर्ड चालणार नाही, वाढदिवसाचा फ्लेक्स तर मुळीच नाही — त्यावर गावाच्या नावापेक्षा गावच्या दादाचा गॉगल मोठा असतो. फोटो रविवारी संध्याकाळी आठच्या आत ग्रुपवर. यादीतली सगळी गावं पुरी केली की वरचे दहा गुण. सव्वीस जानेवारीच्या आधीच्या रविवारी यादी बंद.

पहिल्या आलेल्याला काय? बंपरवर लावायला एक पितळी पट्टी, आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आमच्या गाड्यांची जी फेरी निघते, तिच्यात त्याची गाडी सगळ्यांत पुढं. एवढंच! शाळांची मुलं रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडे हलवत उभी असतात. ती पहिल्या गाडीला जेवढ्या जोरानं ओरडतात, तेवढी दुसरीला ओरडत नाहीत. मला हे माहीत होतं, कारण पहिली दोन वर्षं पुढची गाडी माझी होती.

तिसऱ्या वर्षी इकबालभाई आले.

इकबालभाई एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहतात. उभी हयात लाल गाडी हाकली, एक अपघात नाही. निवृत्तीनंतर, एका ओळखीच्या माणसाच्या गोठ्यामागं जिच्यात कोंबड्या बसायच्या, ती जुनी पद्मिनी गाडी त्यांनी मागून घेतली, स्वतः वर्षभर राबून उभी केली आणि दुधी रंगानं रंगवली. त्या गाडीत चावी फिरवली की इंजिन असं हळू बोलायला लागायचं की माझी जीप शेजारी खेकसल्यासारखी वाटायची. दर रविवारी ते आणि जुबेदाभाभी डबा घेऊन निघायचे. गाडी ते चालवायचे, फोटो भाभी काढायच्या. एकदा भाभी माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, ह्यांनी सारा जिल्हा फिरवला, पण मी आपली मागं बायकांच्या सीटवर. शेजारी बसायचं आत्ता नशिबात आलं.

आता सातव्या नियमाबद्दल. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर वळताना पाट्यांना घासतात, पाट्या वाकतात, पडतात. बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, पाटीच नसेल तर? गावच्या पोलीस पाटलाची चिठ्ठी आणली तर चालेल का? मी म्हणणार होतो, चालेल. पण इकबालभाई उठले. म्हणाले, "अप्पा, चिठ्ठ्या सुरू केल्या की रोज चिठ्ठ्याच येत्याल. नियम म्हंजी नियम. शिग्नल लाल असला की कलेक्टर असू द्या न्हायतर कंडक्टर, थांबायचं." सगळे हसले आणि मी सातवा नियम लिहिला — पाटी नाही, गुण नाही. म्हणजे तो नियम त्यांचाच, पुढं जो त्यांच्यावर मी उगारला.

मी फिरून फिरून येतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. येतो मुद्द्यावर.

त्या वर्षी मी सगळ्या पाट्या दिवाळीपर्यंत पुऱ्या केल्या. पण किलोमीटरमध्ये इकबालभाई माझ्या पुढं होते — त्यांना एका दमात शंभर किलोमीटर म्हणजे पान खाऊन येण्यासारखं. त्यांच्या पाट्या पुऱ्या झाल्या आणि वरचे दहा मिळाले, की ते पहिले. एक जरी राहिली, तर मी.

जानेवारीच्या सुरुवातीला ते दुकानात आले. मी चहा मागवला. खूश होते. म्हणाले, "आता एकच राह्यली. मुद्दाम ठिवलीय. तुमच्या भाभीचं माहेर हाय ना, शेवटचा फोटो तितंच काढायचा." त्यांनी गावाचं नाव सांगितलं. अंथुर्ण्याच्या पुढं आत गेल्यावर एक छोटी वाडी आहे — नाव मी इथं लिहीत नाही, त्या नावावर माझा हक्क नाही. भाभींचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ पोटापाण्याला लांब गेले, घर पडलं, जागा विकली. माहेर म्हणून त्यांना काय उरलं होतं? ते नाव, आणि ते लिहिलेली ती पाटी. तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा, एवढंच भाभींना हवं होतं. हे सगळं इकबालभाईंनी मला माझ्याच चहाचे घोट घेत सांगितलं. मी "वा वा" म्हणालो.

मला का सहन झालं नाही? अहंकार म्हणून सोडून देता येईल. पण तो शब्द फार स्वच्छ आहे. खरं सांगू? पगारावर गाडी हाकणारा माणूस पुढं आणि पिढीजात दुकानदार मागं — हे मला रुतत होतं. आणि तो 'त्यांच्यातला' म्हणून जास्त रुतत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला कधी धड विचारलेला नाही. ज्याचं उत्तर 'नाही' असतं तो प्रश्न माणूस टाळत नसतो.

पुढच्या बुधवारी भवानीनगरच्या बाजूला एका विहिरीवर पंप बघायला जायचं होतं. पंपाचं काम अर्ध्या तासात झालं. तिथून पुढं मी सहज गेलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सहज जाणाऱ्या माणसाच्या जीपमध्ये तेलाची कुपी, तेरा नंबरचा पाना आणि पाटीच्या मापाचं पोतं नसतं.

भर दुपार होती. लपायचं मनातही आलं नाही. खाकी टोपी, हातात पाना, उभी जीप — असल्या माणसाला आपल्याकडं कोण काय विचारणार? दोन मोटरसायकलवाले तर जाता जाता रामराम करून गेले. चार बोल्ट होते. तीन निघाले. चौथा गंजून हटून बसला होता. मी त्याला तेल सोडून झटत होतो, तेवढ्यात बांधावर गवत कापणारी एक म्हातारी विळा हातात घेऊन जवळ आली.

"पाटी काढताय व्हय सायेब? नवी बशिवणार असाल."

मी म्हणालो, "व्हय आज्जी. चार-आठ दिवसांत नवी बसवतो."

"बरं झालं बाबा. हिची अक्षरं उडायला लागली हुती. आमच्या पाटीसाटी एवढ्या उनाचं कोन येतंय? थांब, पानी देते."

तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी ते प्यालो. आणि चौथा बोल्ट निघत असताना पाटी माझ्या पायावर पडू नये म्हणून तिनं ती खालून दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिच्या गावाचं नाव मी तिच्याच हातांकडून उतरवून घेतलं. पोत्यात गुंडाळून जीपमध्ये मागं ठेवलं, वर पाइपांचे तुकडे टाकले आणि तिला रामराम करून निघालो. हात थरथरले का? नाही. थरथरले असते तर आज लिहायला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी इकबालभाई आणि भाभी वाडीवर गेले, तर नुसते दोन खांब. म्हातारीनं त्यांना सांगितलं, खात्याचा माणूस येऊन गेलाय, चार-आठ दिवसांत नवी बसवणार. इकबालभाईंनी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणारच — सरकारी नोकरीत राहिलेला माणूस, खात्यावर नाही तर कुणावर ठेवणार? संध्याकाळी मला येऊन म्हणाले, "नवी येनार हाय म्हणं. थांबतो मी." मी म्हणालो, "थांबा की, दिवस आहेत अजून." मग ते बुधवारी जाऊन आले. शुक्रवारी जाऊन आले. माझ्या एका वाक्यापायी ती दुधी गाडी त्या रस्त्यावर हेलपाटे घालत होती, आणि त्या किलोमीटरचे गुणही मीच त्यांच्या नावावर इमानेइतबारे मांडत होतो.

शेवटच्या रविवारी ते सकाळी गेले आणि दिवस मावळेपर्यंत तिथंच थांबले. आठला दहा मिनिटं कमी असताना ग्रुपवर फोटो आला. दोन मोकळे खांब. खांबांना लागून पद्मिनी, नंबर स्पष्ट. गाडीपाशी भाभी, डोक्यावरून पदर. मागं वाडीवरची दहा-पंधरा माणसं ओळीनं उभी. आणि भाभींच्या शेजारी ती म्हातारी — खताची पांढरी पिशवी उलटी करून, त्यावर कोळशानं गावाचं नाव लिहून, दोन्ही हातांनी वर धरलेली. पाटी जशी धरली होती, अगदी तशीच.

डॉक्टरांनी लिहिलं, "द्यायला हरकत नाही, अख्खं गाव साक्षीला आहे." वकिलांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, कारण यादी माझ्याकडं. एक शब्द लिहायचा होता — मंजूर. तेवढा लिहिला असता तरी चोरी माझ्यापाशी राहिली असती आणि त्यांचं त्यांना मिळालं असतं. मी लिहिलं, "नियम सात. पाटी नाही, गुण नाही. क्षमस्व."

इकबालभाईंचं लगेच उत्तर आलं. "बरोबर हाय अप्पा. नियम म्हंजी नियम."

तुम्हाला वाटत असेल, हाच तो गुन्हा. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण ह्याच्या पुढंही आहे.

माझ्या दुकानातल्या प्रत्येक हत्याराच्या दांड्याला मी लाल रंगाचा पट्टा मारतो. लोक हत्यारं उसनी नेतात आणि विसरतात, म्हणून. इकबालभाईंनी गाडी उभी करताना ह्यातली निम्मी हत्यारं नेली होती, आणि एकही न विसरता पुसून परत आणली होती. त्या बुधवारी घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं होतं, तेरा नंबरचा पाना जीपमध्ये नाही. पाटी पोत्यात गुंडाळताना तो मी बांधावर तांब्याशेजारी ठेवला होता. मग स्वतःची समजूत घातली — उसात पडला असेल, कुणाला सापडतोय.

फेरीला तीन दिवस राहिले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. इकबालभाई आले, बसले नाहीत. खिशातून रुमाल काढला, रुमालातून पाना काढला आणि काउंटरवर ठेवला. लाल पट्टा माझ्याकडं करून.

"हा तुमचाच न्हवं?"

मी काय करायला हवं होतं? पाय धरायला हवे होते. निदान गप्प राहायला हवं होतं. मी काय केलं, तर भुवया उंचावल्या आणि म्हणालो, "अरे! हा कुठं सापडला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडता येत नाहीये असं दिसल्यावर ड्रायव्हर जसा गाडी हळू करतो, तसं काहीतरी त्या नजरेत होतं. मग म्हणाले, "रस्त्यात पडला हुता."

आणि गेले.

रस्त्यात! ज्या माणसानं आयुष्यभर कधी खोटी सही केली नाही, त्याला मी माझ्यासाठी खोटं बोलायला लावलं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला कळलं होतं. तीन दिवस हातात होते. ग्रुपवर चार ओळी टाकल्या असत्या, निदान खोकला झाला म्हणून घरी बसलो असतो. मी काय केलं? जीप पॉलिश करून घेतली.

सव्वीस जानेवारीला माझी जीप पुढं होती. बंपरवर पितळी पट्टी, शेजारी नवी साडी नेसलेली बायको. मुलं ओरडत होती. माझ्या मागं दुसऱ्या नंबरला पद्मिनी. आरशात मला इकबालभाई दिसत नव्हते, काचेवर ऊन होतं. भाभी तेवढ्या दिसत होत्या, पुढच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. मुलांकडं बघून हसत होत्या. फेरीभर मी आरसा वळवून ठेवायचं म्हणत होतो आणि फेरीभर त्यातच बघत होतो.

पुढच्या वर्षी त्यांनी एकही फोटो टाकला नाही. मोतीबिंदूचं निमित्त सांगितलं, मग गाडी फलटणच्या कुणालातरी दिली. वाडीचा रस्ता पुढं रुंद झाला आणि तिथं नवी पाटी आली, असं ऐकलं. मी जाऊन बघितली नाही. त्या म्हातारीचं काय झालं, तेही विचारलं नाही. इकबालभाई रोज सकाळी दुकानावरून जाताना हात वर करतात. पहिल्यासारखाच. पहिल्याइतकाच वर.

आणि पाटी? ती माझ्याकडंच आहे. टाकून द्यायला भीती वाटली, भंगारात द्यायला त्याहून जास्त. म्हणून दोन्ही बाजूंनी राखाडी ऑइलपेंट मारला आणि गच्चीवर टाकली. बायकोला ती फार आवडली. सपाट, जड, वाऱ्यानं हलत नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती तिच्यावर धुतलेलं जुनं पातळ अंथरते आणि कुरडया घालते. त्यातला एक डबा दरवर्षी भाभींकडं जातो, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो. ही देवघेव ह्या सगळ्याच्या आधीपासूनची. थांबवायची तर कारण सांगावं लागलं असतं.

ह्या चैत्रात रंगाचे पोपडे निघाले. बायको गच्चीवरून ओरडली, "अहो, ह्या पत्र्यावर काहीतरी लिहिलंय की." मी वर गेलो. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं आणि एकेक अक्षर लावत ते नाव मोठ्यानं वाचलं. भाभींच्या माहेरचं नाव तिनं कधी ऐकलं असेल का? ऐकलं असेल तर आठवलं नाही.

"कुठलं हो हे गाव?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "काय की. भंगारातला पत्रा आहे तो."

तिनं त्यावर पातळ अंथरलं.

यंदाचा डबा घेऊन मीच गेलो. भाभींनी तो दारातच घेतला, झाकण उघडून बघितलं. म्हणाल्या, "वहिनींच्या कुरडया दरवर्षी किती पांढऱ्याशिप्पट हुत्यात! कशावर वाळवत्यात काय की." आत खुर्चीत इकबालभाई बसले होते. त्यांनी हात वर केला.

मी म्हणालो, "ऊन चांगलं होतं यंदा."